प्रज्ञाचक्षू यंत्रज्ञ राल्फ टीटर

मोटारीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे बेंझ, डेम्लर, फोर्ड ही नावे आपोआप लेखणीवर येतात. ज्यांनी मोटार धावती केली त्यांची कीर्ती दिगंतात गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु धावणाऱ्या मोटारीस आवर घालण्याचा, तिचा वेग मर्यादेत ठेवण्याचा आणि चालकाच्या हातून होणारी चूक वेळीच सावरण्याचा ज्यांनी विचार केला, त्यांची ओळख सामान्य वाचकांस क्वचितच करून दिली जाते. अशाच एका पुरुषाचे चरित्र आम्ही ह्या अंकात आमच्या विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत. अमेरिकेतील नामवंत यंत्रज्ञ राल्फ टीटर हे आमचे चरित्रनायक होत. मोटारीचा वेग आपोआप स्थिर राखणारे यंत्र त्यांनी शोधून काढले. आज ज्यास क्रूझ कंट्रोल म्हणतात ते हेच यंत्र. त्यांच्या जीवनातील विलक्षण गोष्ट अशी की, ज्या मोटारीस त्यांनी वेगाचे भान दिले, ती मोटार त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी कधीही पाहिली नव्हती.

राल्फ टीटर यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेच्या इंडियाना संस्थानातील हॅगर्सटाउन ह्या लहानशा गावी झाला. गाव लहान असले तरी टीटर घराण्यात यंत्रांचा व्यासंग मोठा होता. रेल्वेच्या रुळांची तपासणी करण्यासाठी रुळांवरूनच चालविता येतील अशा हलक्या गाड्या बनविण्याचा धंदा त्यांच्या काकांनी सुरू केला होता. घरात हातोडी, कानस आणि पकड यांचा आवाज नित्याचाच. अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाचे हात स्वस्थ बसते तरच नवल! पाच वर्षांचा राल्फ एके दिवशी चाकूशी खटपट करीत असता चाकू निसटला आणि त्याचे टोक एका डोळ्यात गेले. तो डोळा तर गेलाच. परंतु दैवदुर्विलास एवढ्यावर थांबला नाही. एका डोळ्यास झालेल्या जखमेची प्रतिक्रिया दुसऱ्या निरोगी डोळ्यावर उमटावी असा एक दुर्मिळ विकार असतो. राल्फला नेमके तेच झाले, आणि वर्षभरात त्याच्या दोन्ही डोळ्यांची ज्योत मालवली.

अशा प्रसंगी मातापितरांनी काय करावे? मुलास जवळ घेऊन बसावे, त्याची प्रत्येक वस्तू त्याच्या हाती आणून द्यावी, जिन्याजवळ जाऊ देऊ नये, हत्याराला हात लावू देऊ नये, असे वाटणे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. आपल्याकडेही अशी घरे आम्ही पाहिली आहेत. तेथे प्रेमाची वाण नसते; परंतु त्या प्रेमाच्या भाराखाली मूल वाकून जाते. राल्फच्या मातापित्यांनी निराळा मार्ग पत्करला. मुलाच्या अंधत्वाचा घरात उच्चार करावयाचा नाही आणि इतर मुले जे करतात ते त्यालाही करू द्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. त्याला लागणारी मदत त्यांनी कधी नाकारली नाही. मात्र त्याचे काम त्यांनी स्वतः करून टाकले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी, कारण पुढे राल्फच्या हातून जे यंत्र घडले त्याचे मर्म ह्याच शिकवणीत आहे असे आम्हांस वाटते.

हात हेच त्याचे डोळे झाले. स्क्रूचा आटा, चाकाचे दाते, लोखंडाच्या पृष्ठभागावरील केसाएवढी रेघ, हे सारे तो बोटांनी वाचू लागला. वयाच्या बाराव्या वर्षी, १९०२ साली, त्याने आपल्या चुलत भावाच्या साहाय्याने टाकाऊ इंजिन मिळवून चक्क एक मोटार बनविली. ती ताशी सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर वेगाने धावे. त्या काळी खुद्द अमेरिकेत शेकडो गावांनी मोटार पाहिलेली नव्हती, आणि येथे एका दृष्टिहीन बालकाने ती घडविली होती! वर्तमानपत्रांनी ह्या मोटारीची वार्ता छापली.

शालेय शिक्षण संपल्यावर यंत्रशास्त्राची पदवी घ्यावी असे राल्फच्या मनात आले. ब्रेल लिपीत यंत्रशास्त्राचे ग्रंथ नव्हते. आकृत्या पाहता येत नव्हत्या. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याची एक चुलत बहीण उच्च शिक्षण घेत होती. तिने मदतीचा हात दिला. ती ग्रंथ वाचून दाखवी, आणि राल्फ ते मनात साठवी. आकृती ऐकावयाची आणि तिची जडणघडण मनश्चक्षूंपुढे उभी करावयाची, अशी ही विद्याभ्यासाची पद्धत होती. १९१२ साली त्याने यंत्रशास्त्राची पदवी संपादन केली. ज्या विद्यार्थ्यांस पुस्तक समोर असूनही ते उघडण्याचा कंटाळा येतो, त्यांनी ह्या चार वर्षांचा क्षणभर विचार करावा.

पहिल्या महायुद्धाच्या काळात टीटर यांच्या विद्येची कसोटी लागली. न्यू जर्सीतील कॅमडेन येथे जहाजांचा एक मोठा कारखाना होता. तेथे अमेरिकन आरमारासाठी विनाशिका, म्हणजे शीघ्रगती युद्धनौका, बांधल्या जात. ह्या नौकांच्या वाफेच्या टर्बाइनमधील चक्रे अतिवेगाने फिरत. आपल्या घरच्या छताच्या पंख्याचे एक पाते किंचित जड असले तर पंखा कसा डोलू लागतो, हे आपण पाहतोच. टर्बाइनच्या प्रचंड चक्रात असा किंचितसा असमतोल राहिला, तर थरथर उत्पन्न होऊन सारे यंत्र खिळखिळे होते. चक्र स्थिर असता समतोल दिसे आणि फिरू लागताच तो बिघडे, ही खरी अडचण होती. टीटर यांनी ती सोडविण्याची रीत बसवून दिली. डोळसांना जी थरथर दिसत नव्हती ती त्यांच्या बोटांना कळत होती. न्यून भासणारी गोष्टच येथे गुणरूपाने उपयोगी पडली.

युद्ध संपल्यावर ते हॅगर्सटाउनला परतले. १९२२ साली त्यांचा विवाह झाला. त्यांच्या मार्जोरी नावाच्या कन्येने पुढे, १९९५ साली, पित्याचे चरित्र प्रसिद्ध केले. घराण्याचा कारखाना आता पिस्टन रिंग बनवू लागला होता, आणि परफेक्ट सर्कल हे नाव त्याने धारण केले होते. इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टन सारखा खालीवर होत असतो. पिस्टन आणि नळकांडे यांमधील सूक्ष्म फट बुजविणारे जे धातूचे कडे, तीच पिस्टन रिंग. हे कडे झिजले की इंजिन धूर ओकू लागते आणि तेल पिऊ लागते. गॅरेजमधील कोणताही मिस्त्री हे सांगेल. परफेक्ट सर्कल ह्या नावाच्या रिंगा पुढे आपल्या महाराष्ट्रात, नाशिकलाही, बनू लागल्या. टीटर हे ह्या कारखान्याचे प्रमुख अभियंता आणि नंतर, १९४६ पासून, अध्यक्ष झाले. मोटार-अभियंत्यांची जी अमेरिकेतील मोठी संस्था, सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स, तिने १९३६ साली त्यांस अध्यक्षपदाचा मान दिला. एका अंध गृहस्थाच्या हाती मोटार-अभियंत्यांचे नेतृत्व यावे, ह्यात दयेचा अंश नव्हता; तो त्यांच्या ज्ञानाचा गौरव होता.

आता त्यांच्या मुख्य शोधाकडे वळू. टीटर यांस स्वतः मोटार चालविता येत नसल्यामुळे दुसऱ्याने चालविलेल्या गाडीत बसावे लागे. त्यांचे पेटंटविषयक वकील हॅरी लिंडसे हे त्यांस अनेकदा आपल्या गाडीतून नेत. असे सांगतात की, ह्या वकीलसाहेबांस एक खोड होती. बोलू लागले की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून सैल होई व गाडी मंदावे. ऐकू लागले की पाय दाबला जाई व गाडी पुढे झेप घेई. शेजारी बसलेला डोळस मनुष्य खिडकीबाहेरची शोभा पाहण्यात हे विसरून गेला असता. टीटर यांच्या अंगास मात्र प्रत्येक हिसका जाणवे. ह्याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धात, रबर व इंधन वाचविण्यासाठी अमेरिकन सरकारने ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली होती. एकाच रस्त्यावर कोणी वेगाने, कोणी संथ, कोणी क्षणात असा तर क्षणात तसा जाऊ लागला की अपघात ओढवतो, हे टीटर यांच्या मनाने घेतले. मनुष्याचे पाऊल चंचल आहे. मग त्यास स्थिर करणारे यंत्र का असू नये?

ह्या प्रश्नाच्या मागे ते वर्षानुवर्षे लागले. यंत्राचे तत्त्व समजावयास कठीण नाही, आणि त्याचे उदाहरण आपल्या शिवारातच सापडते. विहिरीवरचे डिझेल इंजिन किंवा जुन्या पिठाच्या गिरणीचे इंजिन आठवा. किर्लोस्करांच्या अशा इंजिनांनी आपल्या भागातील किती मळे भिजविले असतील! गिरणीत धान्य टाकले की इंजिनावर भार येतो, क्षणभर त्याचा आवाज जड होतो, आणि मग ते आपोआप सावरून पूर्वीच्या लयीत चालू लागते. हे सावरणे गव्हर्नर नावाच्या भागाचे काम होय. फिरत्या दांड्यावर बसविलेली वजने वेग वाढला की बाहेर फाकतात आणि इंधन कमी करतात; वेग घटला की आत येतात आणि इंधन वाढवितात. जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनास असाच गव्हर्नर जोडला होता. वेग मोजावा, ठरविलेल्या वेगाशी ताडून पाहावा आणि जे उणेअधिक असेल ते दुरुस्त करावे, ह्या तीन पायऱ्यांची ही अखंड फेरी आहे.

टीटर यांनी हेच तत्त्व मोटारीत आणले. इंजिनाची गती चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावरून त्यांनी गव्हर्नर फिरविला. चालकासमोरील फळीवर वेग निवडण्याची कळ बसविली. गाडी निवडलेल्या वेगास पोचली की इंजिनातील निर्वात ओढीच्या बळावर एक लहानसा दट्ट्या ॲक्सिलरेटर उलट वर लोटी, आणि चालकाच्या पायास कळे की मर्यादा आली. जोर लावून पाय दाबला तर पुढे जाता येई. म्हणजे यंत्र चालकास बांधून ठेवीत नव्हते, जागे करीत होते. पुढे त्यात आणखी सुधारणा होऊन, ब्रेकला पाय लागेपर्यंत निवडलेला वेग आपोआप टिकून राहील अशी योजना झाली. चढ आला तर यंत्र इंधन वाढवी, उतार आला तर कमी करी. ह्या शोधाचे पेटंट टीटर यांस २२ ऑगस्ट १९५० रोजी मिळाले, आणि स्पीडोस्टॅट हे त्याचे नाव ठरले. १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ते प्रथम बसविण्यात आले. कॅडिलॅक गाड्यांनी त्यास क्रूझ कंट्रोल म्हटले, आणि तेच नाव जगाने उचलले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्याचा प्रसार फार वाढला, कारण स्थिर वेगाने जाणारी गाडी इंधन कमी खाते. दुसऱ्यास सुरक्षित करावे म्हणून केलेली खटपट अशी राष्ट्राच्या काटकसरीसही उपयोगी पडली.

१५ फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, टीटर निवर्तले. १९८८ साली अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मोटार-उद्योगातील थोरांच्या कीर्तिमंदिरात, त्यांस स्थान मिळाले. परंतु त्यांच्या कल्पनेचे आयुष्य येथे संपले नाही. त्यांच्या यंत्रास स्वतःच्या गाडीचा वेग कळे. पुढे कोण आहे हे कळत नसे. ती उणीव विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात भरून निघाली. गाडीच्या तोंडाशी रडार बसविण्यात आले. वटवाघूळ जसे स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात वाट काढते, तसे रडार रेडिओलहरी सोडते आणि त्या परत येण्यास लागलेल्या काळावरून पुढील गाडीचे अंतर ठरविते. लहरींच्या कंपनसंख्येत पडणाऱ्या फरकावरून तिचा वेगही समजतो. अशी मोटार पुढील गाडी मंदावली की स्वतः मंदावते आणि रस्ता मोकळा झाला की पुन्हा ठरल्या वेगास येते. कॅमेरा रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्या वाचतो व गाडी भरकटली तर चालकास सावध करतो. टक्कर अटळ दिसताच स्वतः ब्रेक लावणारी व्यवस्थाही आता अनेक गाड्यांत असते. एबीएस ही व्यवस्था चाके जागीच जखडू देत नाही. ती ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला सैल व घट्ट करते, त्यामुळे निसरड्या रस्त्यावरही गाडी वळविता येते. ह्या सर्वांच्या मुळाशी मोजणे, ताडून पाहणे आणि दुरुस्त करणे हीच फेरी आहे.

आपल्या देशात ह्या विद्येची गरज किती आहे हे एका आकड्यावरून कळेल. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेग ह्या कारणाखाली झाली. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाची सूचना देणारी घंटा सक्तीची करण्यात आली. ताशी ८० किलोमीटर ओलांडताच ती थांबून थांबून वाजते आणि १२० ओलांडताच अखंड वाजू लागते. ह्या घंटेचे घराणे टीटर यांच्या त्या ॲक्सिलरेटरशी जुळते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून अधिक, अंतर कापते. वेग दुप्पट झाला तर टकरीतील ऊर्जा चौपट होते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील हे सूत्र परीक्षेपुरते नाही.

आमच्या जिल्ह्यांतील रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांस हे विशेष पटेल. सोलापूरहून उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असा हैदराबादेकडे जाणारा महामार्ग आणि बीदरहून कलबुर्गीकडे जाणारा मार्ग हुमनाबादेस एकमेकांस भेटतात. रुंद रस्त्यावर मोटारी वाऱ्याशी स्पर्धा करतात. त्याच रस्त्यावर ऊसतोडीच्या दिवसांत मागे दिवा वा चकाकती पट्टी नसलेल्या ट्रॉल्या रात्री उभ्या असतात, गुरे आडवी येतात, आणि पौर्णिमेस गाणगापूरला निघालेल्या दत्तभक्तांच्या गाड्यांची रीघ लागते. येथे यंत्राच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. साध्या क्रूझ कंट्रोलला पुढचे काहीच दिसत नाही. रडार असलेली व्यवस्थाही चालत्या गाडीस जितकी चांगली ओळखते, तितकी रस्त्यावर उभ्या असलेल्या वस्तूस ओळखीलच असे नाही. धुके, चिखल आणि मुसळधार पाऊस कॅमेऱ्याची दृष्टी मंद करतात. म्हणूनच ओल्या रस्त्यावर, घाटात आणि गर्दीत क्रूझ कंट्रोल वापरू नये असे सांगण्यात येते.

ज्या संस्थेचे टीटर १९३६ साली अध्यक्ष होते, तिनेच २०१४ साली मोटारींच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या साहाय्याने, म्हणजे आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मोटारींतील साहाय्याने, चालकाची जबाबदारी तिळमात्र कमी होत नाही. रस्त्यावर लक्ष त्यानेच ठेवावयाचे असते. ही गोष्ट विसरून यंत्राच्या भरवशावर मोबाइल पाहत बसणारे चालक जगभर अपघातांस बळी पडले आहेत.

येथे आम्हांस पुन्हा हॅगर्सटाउनमधील त्या घराची आठवण होते. तेथील मातापित्यांनी आंधळ्या मुलास आधार दिला, पण चालावयाचे त्यानेच. त्या मुलाने मोठेपणी घडविलेल्या यंत्राचाही धर्म तोच आहे. ते चालकाचे पाऊल सावरते, आणि लक्ष ठेवण्याचे काम चालकाकडेच राहू देते. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात एखादा मित्र वा मैत्रीण अशी असेल की जिला दिसत नाही, ऐकू येत नाही, वा नीट चालता येत नाही. तिला पुस्तक वाचून दाखवा, प्रयोगशाळेतील उपकरण तिच्या हाती द्या. मात्र तिचा प्रयोग तिलाच करू द्या. आणि उद्या तुमच्या हाती मोटारीचे चाक येईल तेव्हा कंबरेचा पट्टा बांधा, यंत्राची मदत अवश्य घ्या, आणि डोळे रस्त्यावर ठेवा. ज्याला डोळे नव्हते त्याने आयुष्यभर लक्ष दिले. आपल्याला तर डोळेही आहेत.